घिरट्या घालणारा तो पक्षी कोण?

मित्रांनो, सकाळी दहा-अकराच्या सुमारास, ऊन चांगले तापू लागले म्हणजे, शाळेच्या मैदानावर उभे राहून जरा वर पाहा. पंख न हलवता गोल गोल घिरट्या घालणारा एखादा मोठा पक्षी तुम्हांला बहुधा दिसेलच. तो कोण, असे कुणालाही विचारा. "घार!" असे उत्तर मिळेल, आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असेल. पण क्वचित एखाद्या वेळी ते चुकीचे असते. त्या वेळी वर फिरत असतो तो गरुड असेल, ससाणा असेल. आणि तुमचे भाग्य जोरावर असेल, तर ते गिधाड असेल.

'गिधाड दिसण्यात कसले आले आहे भाग्य?' असे तुमचे आजोबा विचारतील. त्यांच्या लहानपणी गावाबाहेर एखादे जनावर मरून पडले, की तासाभरात तेथे गिधाडांची झुंबड उडे. झाडांच्या शेंड्यांवर ती ओळीने बसलेली असत. आज मात्र महाराष्ट्रातील बहुतेक गावांत शाळा सोडण्याच्या वयापर्यंत एकही गिधाड न पाहिलेली मुले आहेत. हा पक्षी इतका दुर्मीळ झाला आहे, की त्याची एक नोंदसुद्धा अभ्यासकांच्या उपयोगी पडते. मात्र ती नोंद खरी हवी. घारीला गिधाड म्हटले तरी घोटाळा, आणि खरेखुरे गिधाड 'घारच असेल' म्हणून सोडून दिले तरी नुकसान. म्हणून उंच आकाशातला पक्षी ओळखायचा कसा, ते आज आपण पाहू.

डोळे कसे फसतात?

'गिधाड घारीपेक्षा मोठे असते, मग त्यात ओळखायला अवघड ते काय?' असे तुम्हांला वाटेल. एक सोपा प्रयोग करा. काळ्या पुठ्ठ्यातून पसरलेल्या पंखांचे दोन पक्षी कापा. आकृती दोन्हींची एकच ठेवा. पण एकाच्या पंखांची टोकापासून टोकापर्यंतची लांबी १५ सेंटिमीटर ठेवा आणि दुसऱ्याची २१ सेंटिमीटर. आता लहान पुठ्ठा एका मित्राच्या हाती देऊन त्याला १० मीटरवर उभे करा, आणि मोठा पुठ्ठा दुसऱ्याच्या हाती देऊन त्याला १४ मीटरवर. एक डोळा मिटून दोन्ही पुठ्ठ्यांकडे पाहा. ते अगदी सारखे दिसतील!

पंख पसरलेली घार सुमारे दीड मीटर भरते आणि आपल्याकडचे गिधाड दोन मीटरांहून थोडे अधिक. म्हणजे तुमचे पुठ्ठे खऱ्या पक्ष्यांच्या एकदशांश आकाराचे आहेत. १०० मीटर उंचीवरची घार आणि १४० मीटर उंचीवरचे गिधाड तुमच्या डोळ्यांना एकाच मापाचे दिसणार. जमिनीवर आपण शेजारचे झाड, घर, माणूस यांच्याशी तुलना करून वस्तूचा आकार ठरवतो. मोकळ्या आकाशात शेजारी काहीच नसते. त्यामुळे 'केवढा मोठा होता!' या साक्षीला फारशी किंमत नाही. हां, त्या पक्ष्यामागे कावळे लागले असतील, किंवा घारी त्याच्याजवळून उडत असतील, तर गोष्ट निराळी. मग निसर्गानेच तुमच्या हाती मोजपट्टी दिली म्हणायची.

दुसरी फसवणूक रंगाची. पक्षी आपल्या आणि उजळ आकाशाच्या मध्ये असतो. प्रकाश त्याच्या पाठीवर पडतो आणि आपल्याला दिसते ते सावलीतले पोट. त्यामुळे तपकिरी घारही काळी दिसते आणि भुरा गरुडही काळाच दिसतो. उलट, पक्षी वळताना तिरपा झाला आणि त्याच्या पिसांवरून ऊन परावर्तित झाले, तर क्षणभर काळे पीसही पांढरे चकाकते. म्हणून पहिल्या नजरेत दिसलेल्या रंगावर विश्वास टाकू नये. पक्षी एक-दोन फेऱ्या पुऱ्या करीपर्यंत वाट पाहावी आणि प्रत्येक फेरीत तोच रंग त्याच जागी दिसला, तरच तो खरा मानावा.

चार प्रश्न

मग भरवसा ठेवायचा तरी कशावर? पक्ष्याच्या आकृतीवर आणि त्याच्या उडण्याच्या रीतीवर. पक्षी दिसताच मनाशी चार प्रश्न विचारा. पंख कसे आहेत? शेपटी कशी आहे? तरंगताना पंख कसे धरले आहेत? आणि पंख मारण्याची लय कशी आहे?

या गोष्टी फसवत नाहीत, त्याला कारण आहे. प्रत्येक शिकारी पक्ष्याच्या पंखांची घडण त्याच्या पोट भरण्याच्या पद्धतीशी जुळलेली असते. शिक्रा झाडांच्या गर्दीतून सरडे आणि लहान पक्षी पकडतो. त्याला फांद्या चुकवत झटकन वळावे लागते. म्हणून त्याचे पंख आखूड आणि गोलसर असतात, तर शेपटी लांब असते. चार-सहा वेळा भराभर पंख मारायचे आणि मग थोडे तरंगायचे, ही त्याची रीत. बहिरी ससाणा उघड्या आकाशात उडत्या पक्ष्यावर वरून झेपावतो. झेपावताना त्याचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्या वर जातो. अशा पक्ष्याला रुंद पंख काय कामाचे? त्याचे पंख लांब, निमुळते आणि टोकदार असतात, कोयत्याच्या पात्यासारखे. गिधाडाला मात्र कुणाचा पाठलाग करायचा नसतो. मेलेले जनावर शोधत त्याला तासन्‌तास आकाशात राहावे लागते, आणि तेही कमीत कमी शक्ती खर्चून. म्हणून त्याचे पंख लांबही असतात आणि रुंदही.

ही काटकसर गिधाडाला कशी साधते? होळी पेटली, की जळालेल्या पानांची राख गोल गोल फिरत वर जाते, हे तुम्ही पाहिले असेल. गरम हवा हलकी होऊन वर चढते आणि राखेला आपल्याबरोबर नेते. उन्हाने तापलेल्या माळावरून, कातळावरून, डांबरी रस्त्यावरूनही अशीच हवा वर चढत असते. गिधाड या चढत्या हवेत शिरते आणि पंख पसरून तिच्यातच फेऱ्या घालत राहते. हवा त्याला उचलून नेते. पुरेशी उंची गाठली, की ते घसरगुंडीवरून उतरल्यासारखे दूरवर तरंगत जाते आणि दुसरा चढता प्रवाह गाठते. गिधाडाचे वजन चार-पाच किलो असते, तर घारीचे एक किलोही नसते. एवढे वजन पंख मारून उचलणे फार महागात पडते. त्यामुळे जमीन तापेपर्यंत गिधाड बहुधा झाडावर किंवा कड्यावर बसून राहते. घार मात्र सकाळी सकाळीच पंख मारत कामाला लागते.

गिधाडाच्या पंखांच्या टोकाकडे पाहा. तेथील लांब पिसे हाताच्या बोटांसारखी सुटी सुटी दिसतात. उडताना पंखाच्या खाली हवेचा दाब जास्त असतो आणि वर कमी. त्यामुळे खालची हवा टोकाला वळसा घालून वर येऊ पाहते आणि तेथे मोठा भोवरा तयार होतो. हा भोवरा पक्ष्याला मागे खेचतो. सुट्या पिसांमुळे एका मोठ्या भोवऱ्याचे अनेक लहान भोवरे होतात आणि ही ओढ कमी होते. घारीच्याही पंखांना अशी बोटे असतात. पण गिधाडाची बोटे अधिक लांब आणि ठळक दिसतात.

आधी घार शिका

अनोळखी पक्षी ओळखण्याची सर्वांत चांगली तयारी कोणती, ठाऊक आहे? रोजच्या ओळखीच्या पक्ष्याचा अभ्यास! घर ओळखीचे असेल, तर अंधारातही नवी वस्तू पायाला लागताच कळते. तसेच हे आहे. म्हणून पहिला महिनाभर फक्त घारीच पाहा.

घारीची मुख्य खूण म्हणजे तिची दुभंगलेली शेपटी. शेपटीच्या टोकाला मध्ये खाच असते. पण सावधान! वळताना घार शेपटी पंख्यासारखी पसरते, तेव्हा ही खाच नाहीशी होते आणि शेपटीचे टोक सरळ दिसते. पिसे झडून नवी येत असतानाही खाच नीट दिसत नाही. तेव्हा शेपटीची हालचाल पाहा. नावाडी सुकाणू फिरवतो, तशी घार आपली शेपटी सारखी डावी-उजवीकडे पिळत असते. तिचे पंख मनगटाशी वाकलेले असतात, आणि तरंगताना त्यांची टोके किंचित खाली झुकलेली असतात. मधूनमधून ती सैलसर पंख मारते. शेपटी चांगली लांब असते. पंखांच्या रुंदीशी ताडून पाहिली तर सहज लक्षात येते.

एकदा घार डोळ्यांत बसली, की तिचे भाईबंदही वेगळे दिसू लागतात. ब्राह्मणी घारीची शेपटी टोकाला गोलसर असते. शिवाय डोके आणि छाती पांढरीशुभ्र, आणि बाकीचे अंग विटकरी. ती किनाऱ्यावर आणि पाणथळ जागी अधिक आढळते. कापशी ही चिमुकली घार. ती पांढरी-करडी असून खांद्यावर काळे डाग असतात. शेतावर एका जागी पंख फडफडवत ती हवेत टांगल्यासारखी राहते, आणि खाली उंदीर दिसला की पाय सोडून अलगद उतरते.

आणि हे गिधाड

आता समजा, तुमच्या मैदानावर एक पक्षी आला आणि तुम्ही चार प्रश्न विचारले. पंख फळीसारखे लांब-रुंद, टोकाला ठळक बोटे. शेपटी इतकी आखूड, की पंखांच्या मागे छोटी पाचर ठोकल्यासारखी दिसते. तरंगताना पंख किंचित वर उचललेले, उथळ बशीसारखे. आणि पंख मारण्याची लय? पाच मिनिटे झाली तरी त्याने एकदाही पंख मारलेला नाही! शिवाय डोके जवळजवळ दिसतच नाही, कारण गिधाड उडताना मान आखडून घेते. गरुडाचे डोके मात्र पंखांच्या पुढे चांगले बाहेर आलेले दिसते आणि त्याची शेपटीही लांब असते. अशी सगळी उत्तरे जुळली, तर वहीत 'गिधाड' असे लिहायला हरकत नाही.

कोणते गिधाड, हा पुढचा प्रश्न. येथे रंग उपयोगी पडतो. पांढऱ्या पुठ्ठ्याच्या गिधाडाचे अंग आणि उड्डाणपिसे काळपट असतात. पण पंखांच्या खालच्या बाजूचा पुढचा अर्धा भाग, म्हणजे जणू पंखांचे अस्तर, पांढरे असते. ते तिरपे होऊन वळले, तर पाठीवर शेपटीच्या वरचा पांढरा पट्टाही दिसतो. हा पक्षी उंच झाडांवर घरटे करतो. रायगड जिल्ह्यात त्याची वस्ती आजही आहे. लांब चोचीच्या गिधाडाचे अंग आणि अस्तर दोन्ही मळकट, फिकट तपकिरी असतात आणि उड्डाणपिसे तेवढी गडद. हा कडेकपारींत राहणारा पक्षी. नाशिकजवळच्या अंजनेरीसारख्या डोंगरांवर तो दिसतो.

तिसरे पांढरे गिधाड. हे आकाराने घारीपेक्षा थोडेसेच मोठे. अंग पांढरे, उड्डाणपिसे काळी, तोंड पिवळे आणि शेपटी पाचरीसारखी. कोकणच्या किनाऱ्यावर मात्र ते ओळखताना जपावे, कारण समुद्रगरुडाचेही पोट पांढरे, उड्डाणपिसे काळपट आणि शेपटी आखूड, पाचरीसारखीच असते. येथे तिसरा प्रश्न मदतीला येतो. समुद्रगरुड तरंगताना पंख बरेच वर उचलून धरतो. पांढरे गिधाड ते जवळजवळ सपाट ठेवते.

आणखी एक अडचण. पांढऱ्या पुठ्ठ्याच्या गिधाडाचे पिल्लू मोठे होऊन उडू लागले, तरी त्याचे पांढरे अस्तर तयार झालेले नसते. तेथे केवळ बारीक फिकट रेघ असते. असा पक्षी दिसला, तर 'गिधाड, जात निश्चित नाही' असे लिहावे. त्यात कमीपणा मुळीच नाही. मोठमोठे पक्षितज्ज्ञही असेच लिहितात.

एवढा खटाटोप कशासाठी?

पांढऱ्या पुठ्ठ्याचे गिधाड १९८० च्या सुमारास जगातील मोठ्या शिकारी पक्ष्यांपैकी सर्वांत विपुल असावे, असे मानले जाई. मुंबईत मलबार हिलवर पारशी लोकांच्या डुंगरवाडीवर त्यांचे थवे नेहमी उतरत. इतक्या सर्रास दिसणाऱ्या पक्ष्याची मोजदाद कोण करणार? पण राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव अभयारण्यात डॉ. विभू प्रकाश यांनी १९८० च्या दशकात गिधाडांची मोजणी केली होती. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी ती पुन्हा केली, तेव्हा गिधाडे झपाट्याने कमी होत असल्याचे उघड झाले. जुने आकडे वहीत होते, म्हणूनच नव्या आकड्यांचा अर्थ लागला.

पुढे देशभरातील रस्त्यांवरून ठराविक मार्गांनी मोजण्या झाल्या. १९९२ मध्ये जेथे या जातीची १,००० गिधाडे असत, तेथे २००७ मध्ये एकच उरले होते! रोग असावा असे प्रथम वाटले. खरे कारण पाकिस्तानात काम करणाऱ्या लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली प्रसिद्ध केले. गुराढोरांना सूज आणि वेदना यांवर डायक्लोफिनॅक नावाचे औषध दिले जाई. ते दिल्यावर लवकरच जनावर मेले, तर औषध त्याच्या मांसात राही आणि ते मांस खाणाऱ्या गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होई. पक्ष्यांच्या शरीरातील टाकाऊ द्रव्य यूरिक आम्लाच्या रूपाने बाहेर पडते. पक्ष्याच्या विष्ठेतील पांढरा भाग तो हाच. मूत्रपिंड बंद पडले, की हे आम्ल आतच साचते आणि काळीज, यकृत यांवर त्याचे पांढरे थर बसतात. काही दिवसांतच पक्षी मरतो. शंभर मेलेल्या जनावरांत एखादे असे विषारी असले, तरी सगळी जात नष्ट व्हायला पुरे होते, कारण एका जनावरावर कितीतरी गिधाडे जेवतात. शिवाय गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते आणि पिल्लू वयात यायला सुमारे पाच वर्षे लागतात. झालेली हानी लवकर भरून येत नाही.

भारताने २००६ साली जनावरांसाठी या औषधाला बंदी केली. मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना न बाधणारे औषध त्याच्या जागी आले. अॅसिक्लोफिनॅक आणि कीटोप्रोफेन या आणखी दोन घातक औषधांवर २०२३ साली बंदी आली. हरियाणातील पिंजोर येथे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी आणि तेथील वन विभाग मिळून गिधाडांची पैदास करतात. तेथून जानेवारी २०२४ मध्ये २० गिधाडे महाराष्ट्रात आली. त्यांपैकी लांब चोचीची पेंचला आणि पांढऱ्या पुठ्ठ्याची ताडोबाला गेली. त्याच वर्षी त्यांना माग काढणारी यंत्रे लावून मोकळे सोडण्यात आले.

या साऱ्या प्रयत्नांना यश येत आहे का, हे कळायचे कसे? यंत्र लावलेली गिधाडे मोजकीच. बाकीच्यांचा पत्ता लागतो तो पाहणाऱ्या माणसांकडून. म्हणूनच तुमच्या नोंदीला किंमत आहे.

नोंद कशी करावी?

एक वही करा. तारीख, वेळ, गाव, आकाश स्वच्छ होते की ढगाळ, पक्षी किती होते आणि किती वेळ दिसले, हे लिहा. मग चार प्रश्नांची उत्तरे लिहा आणि साधे रेखाचित्र काढा. चित्रकला चांगली असण्याची गरज नाही. पक्ष्याचे नाव सर्वांत शेवटी लिहा. आधी नाव लिहिले, की डोळे त्या नावाला साजेशाच खुणा शोधू लागतात! पक्षिकोश किंवा चित्रांचे पुस्तक उघडायचे तेही वर्णन पुरे झाल्यावरच. पायात कडे किंवा पाठीवर यंत्र दिसले, तर तेही टिपून ठेवा.

दुर्बीण असेल तर उत्तम, नसेल तरी आकृती नुसत्या डोळ्यांनी चांगली दिसते. दुर्बिणीतून पाहताना ती चुकूनही सूर्यावर रोखू नका. डोळे कायमचे जातील. गिधाडांचे घरटे सापडले, तर दुरूनच पाहा. घाबरून पक्षी उठला, तर त्याचे एकुलते एक अंडे उन्हात उघडे पडते. गिधाडाची खात्री झाली, तर आपल्या शिक्षकांना, गावातील पक्षिमित्रांना किंवा जवळच्या वनकार्यालयाला वही दाखवा.

महिनोन्‌महिने तुमच्या वहीत फक्त घारीच येतील. कंटाळू नका. ज्या गावात घारीच घारी आहेत आणि गिधाड नाही, त्या गावाची नोंदही अभ्यासकाला हवीच असते. पुढे कधीतरी एक आखूड शेपटीचा, बशीसारखे पंख धरलेला पक्षी तुमच्या शाळेवरून गेला, तर तो तेथे नव्याने आला, हे तुमच्याच वहीवरून सिद्ध होईल. उद्या सकाळची मधली सुट्टी झाली, की मैदानावर या आणि पहिल्या घारीची शेपटी नीट पाहून घ्या.